खिळे

मनामाच्या जुन्या बाजारात, सोनारांच्या गल्लीमागं,
हाजी गुलूम यांच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात
काल एक पान आलं.
एकटंच, दोन काचांमध्ये निजवलेलं.
रिफ्यातल्या कुणा शौकिनाचं. पावणेपाचशे वर्षांचं.
हाजी म्हणाले, सुवार्ता, एसी एकवीसवर ठेव
आणि चहाचा पेला लांब.

मी जालन्याची.
वडील मिशनच्या छापखान्यात खिळेजुळारी.
खिळा म्हणजे अक्षर हे मला आधी कळलं,
हातापायांतले खिळे नंतर.

वडील सांगायचे,
विलायतेतल्या एका छापखान्यानं एकदा
सातव्या आज्ञेतला नकारच गाळला.
राजाचा छापखाना, तरी दंड बसला.
"आपल्यात 'नको' गळाला असता
तर मागं नुसतं 'करू' उरलं असतं,
दारात उभं राहून कुणी विचारावं तसं: करू?"
आई तोंडाला पदर लावायची.
पण प्रूफ तपासताना प्रत्येक 'नको'वर
ते बोट टेकवून थांबायचे.
मी पाहिलंय.

हे पान त्या चुकीच्याही आधीचं.
ओळीओळीला आकडे, समासात टिपांची मुंग्यांसारखी रांग.
ज्यांनी केलं ते देश सोडून पळालेले.
परक्या गावात भाड्यानं राहून
घरच्या भाषेत देव बसवत होते.
त्यांच्या आधीच्या एकाला तर गळा आवळून जाळला.
नांगर हाकणाऱ्या पोरालाही कळावं,
एवढाच त्याचा हट्ट.
त्याची पुस्तकं कापडाच्या गाठींत लपून बंदरात उतरायची.
बिशपनं म्हणे मिळतील तेवढी विकत घेतली, होळी करायला,
आणि त्याच पैशावर नवी आवृत्ती निघाली,
चुका दुरुस्त करून.

माझ्या खोलीतली ब्लेसी मीना सलमानला
कस्टमच्या कागदांवर असते.
तिला विचारलं, गाठींत काय काय निघतं गं?
म्हणाली, कापड.

पानाच्या मध्यावर किड्यानं पाडलेलं भोक,
ज्वारीच्या दाण्याएवढं.
गव्हाची खळ पातळ करून जपानी कागद लावला.
आमचा नियम असा:
भोक बुजवायचं, अक्षर भरायचं नाही.

"लिहिलंय काय?" हाजींनी विचारलं.
माझ्या मोडक्या अरबीत सांगू लागले:
आदम, हव्वा, अंजिराची पानं,
आणि ती शिवून त्यांनी केल्या...
इथं अडलं.
आई लंगोट म्हणायची. पाळक वस्त्र म्हणतात.
या पळून गेलेल्या लोकांनी चक्क तुमानी शिवल्यात.

"सिरवाल?"
हाजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.
फोन लावून बायकोला फारसीत सांगितलं.
सिल्हेटचा मोफज्जल चहा घेऊन आला होता,
तो बंगालीत काहीतरी पुटपुटला आणि
स्वतःच्या पँटकडं बघून घेतलं.
एका दुपारात एवढ्या भाषा,
आणि कुणी कुणाला जाळलं नाही.
पेला मात्र मी लांबच ठेवला.

इथं आमचा रविवार शुक्रवारी येतो.
मल्याळी उठले की तमिळी यायच्या आत,
दोन ते साडेतीन हॉल मराठीला.
सव्वीस खुर्च्या, त्यातली एक मोडकी.
वाचन माझं होतं.
उत्पत्तीचा तिसरा अध्याय मी मागूनच घेतला.
ओळीवर बोट, वडिलांसारखं.
सातवं वचन आलं
आणि तोंडून 'तुमानी' गेलं.

पाळकांनी मान वर केली.
मागच्या रांगेत उजागऱ्यांची पोरगी खुदकन हसली,
मग तिची आई.
बोट कुठं होतं,
ते मी शोधत राहिले.
दाराशी तमिळी चपला काढू लागले होते.